गोलागणिक फेटा

फुटबॉलमध्ये गोल झाल्यावर काय करायचं असतं, हे कळायला मला पाच गोल खावे लागले. आता मी माझ्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो, गोल झाला की गुमान आपापल्या जागेवर या, आणि ती पोरं एकमेकांकडं बघतात की म्हातारं चळलं वाटतं. त्यांना कसं सांगू की आमच्या पाली गावात एका अख्ख्या टीमला एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती? पोरांना फुटबॉल शिकवता शिकवता जन्म गेला, दोन्ही गुडघे गेले, शिट्टी फुंकली की वरची कवळी हलते. पण तो शनिवार आठवला की अजून माझा हात आपोआप नाकाकडं जातो.

आमचं घर म्हणजे पाटबंधारे खात्याची दोन खोल्यांची क्वार्टर, धरणाच्या भिंतीखाली. दादा, म्हणजे माझे वडील, पाटकरी होते. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते त्यांच्या हातातल्या चावीवर, आणि ती चावी त्यांनी कधी कुणाच्या भिडेखातर फिरवली नाही. मोठमोठे बागाईतदार दारात यायचे, “रंगनाथ, एवढी एक पाळी आधी दे की,” म्हणून गोड बोलायचे. दादा त्यांना चहा पाजायचे आणि पाणी त्यांच्या पाळीलाच द्यायचे. बोलणं मुळातच कमी. दिवसाला धा-बारा वाक्यं बोलत असतील, त्यातली निम्मी सायकलशी. ती कसर माय भरून काढायची. ती भाकरी थापायला बसली की थापण्याचा आवाज आणि तिचं तोंड एका तालात चालायचं. एका भाकरीला शेजारणीचं गाऱ्हाणं, दुसऱ्या भाकरीला माझं. येसराची आमटी, जवारीची भाकरी आणि बाजूला ठेचा. ठेचा असा जहाल की खाताना कुणाला उलटून बोलताच येऊ नये, आणि माय तो बहुतेक त्यासाठीच करायची. “बॉलच्या पायी तिसरी चप्पल फाटली ह्याची,” ती म्हणायची, “आवो, तुमी काई बोला की.” दादा ठेच्याकडं बोट दाखवायचे, म्हणजे तोंड पोळलंय, बोलता येत नाही.

आमच्या गावात बॉल आणला तो अन्सारी साहेबांनी. ते धरणावर ओव्हरसिअर म्हणून बदलून आले, ते थेट कामठीहून. तिकडं म्हणे लेकरू चालायला शिकतं तेच बॉलच्या मागं. आमच्याकडं कुस्ती आणि कबड्डी. संध्याकाळी आमचं कबड्डीचं ओरडणं ऐकून साहेबांना मळमळायला लागलं, आणि एक दिवस त्यांनी पेटीतून चामड्याचा बॉल काढला. पण पालीच्या माळावर गवत कमी आणि बाभळीचे काटे जास्त. आठवड्यातून दोनदा ब्लॅडर पंक्चर. सायकलवाल्यानं त्याला इतके तुकडे लावले की बॉल एका बाजूनं जड झाला, आणि सरळ मारला तरी डावीकडंच वळायचा. आम्हाला वाटायचं, फुटबॉल असाच असतो. पुढं कितीतरी दिवसांनी मी पहिल्यांदा नवाकोरा बॉल मारला, तो सरळ गेला, तर मी तो खराब आहे म्हणून परत द्यायला निघालो होतो.

गोलकीपर आमचा मारोती पैलवान. साहेबांनी त्याला त्याच्या रुंदीवर निवडला. आडवा उभा राहिला की निम्मा गोल झाकायचा. बॉल येताना दिसला की आधी तो शड्डू ठोकायचा, दोन्ही मांड्यांवर, सावकाश, आणि तोवर बॉल आत. वर समोरचा खेळाडू जवळ आला की बॉल सोडून त्या खेळाडूलाच कवेत घ्यायचा. साहेब लांबून ओरडायचे, “अरे पैलवान, बॉल को पकडो, आदमी को नहीं!” मारोती तितक्याच ठाम सुरात म्हणायचा, “सायेब, मारनाराच धरला तर बॉल कुटं जातोय?” मी होतो बॅक. मारोतीच्या पुढं उभं राहायचं आणि आलेला बॉल लांब हाणून लावायचा. बॉल आला की मात्र मी जागा सोडत नसे, आणि साहेबांना तेवढंच माझं आवडायचं. “ये लडका भागता नहीं,” ते म्हणायचे.

मॅट्रिक झाली आणि दादांनी माझं नाव पाटावर रोजंदारीला लावलं. सोमवारपासून खोरं घेऊन गाळ उपसायला जायचं. मला आत कुठंतरी मेल्यासारखं झालं, पण दादांपुढं बोलायची सोय नव्हती. तेच बोलायचे नाहीत तर मी कशाला उत्तर देऊ? शेवटी मी अन्सारी साहेबांपुढं रडलो. सरळ सांगतो, भोकाड पसरून रडलो. साहेबांनी औरंगाबादच्या एका क्रीडा वसतिगृहाच्या देसले सरांना पत्र घातलं. सरांचं उत्तर आलं की शनिवारी बीडला कामासाठी येतोय, त्याच दिवशी मॅच ठेवा, मुलगा खेळताना बघतो. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी कुणालाही घेत नाही. म्हणजे हिशेब सोपा. शनिवारी सरांनी बघितलं तर वसतिगृह, नाही तर सोमवारी खोरं.

गेवराईकडच्या उमापूरला एका पीटी मास्तरानं टीम काढली होती, ती यायला तयार झाली. प्रश्न जागेचा. बरं मैदान म्हणजे आबासाहेबांचं पडीक रान. आबासाहेब पंचायत समितीचे सदस्य, वाड्यावस्त्यांवर लग्न असो की बारसं, त्यांच्या हातचा नारळ घेतल्याशिवाय उरकत नसे. माणूस मनानं मोकळा, पण सत्कारावाचून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. साहेब त्यांच्याकडं गेले तेव्हा मी सोबत गेलतो.

“ग्राउंड देतो, मंडप देतो, हलगी देतो, बीडचा फोटोवाला बोलावतो,” आबासाहेब म्हणाले. “पन खेळ आपल्या रीतीनं व्हायला पायजे. पैलवानानं कुस्ती मारली की जागेवर फेटा, जागेवर नारळ. गोल मारनाऱ्यानं काय पाप केलंय?”

“आबासाहेब, वो मैच खतम होने के बाद...”

“बाद कावून? तवा निवल्यावर कोन भाकर टाकतं का? आन् फेटा बांधनार परमुख पाव्हणे, तुमचे ते सर. गोल किती होतेत सादारन?”

“एक-दो. कभी कभी तो एक भी नहीं.”

बावीस जण दीड तास पळणार आणि घडणार काहीच नाही, हे ऐकून आबासाहेबांचा चेहरा पडला. तरी हात सैल ठेवून त्यांनी धा फेटे आणवले.

शनिवारी सगळं गाव लोटलं. बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, त्यांच्या मधोमध माय, हातात धपाट्यांचं फडकं. दादा खाकी कपड्यांत, सायकल धरून एका कडेला. मंडपात देसले सर. किडकिडीत, चष्मा, आणि गळ्यात आधीच तीन हार. माइकवर तात्या, जो जत्रेत कुस्त्या पुकारायचा. शिट्टी उमापूरच्या मास्तराकडं. धाव्या मिनिटाला आमच्या पोरानं गोल मारला, हलगी कडाडली आणि तात्या पुकारायला लागला, “गोल मारनाऱ्या वाघानं इकडं यावं! परमुख पाव्हण्यांच्या शुभहस्ते मानाचा फेटा!” वाघ निघाला. त्याच्या मागं आम्ही सगळेच निघालो, कारण मंडपात फोटोवाला उभा होता. आमच्यातल्या निम्म्या पोरांचा जन्मात कधी फोटो निघाला नव्हता. मारोती पैलवान तर सगळ्यांच्या पुढं, मधल्या जागेसाठी. मीही गेलो, खोटं कशाला बोलू, केसांना थुंकी लावून गेलो.

सरांना फेटा बांधता येत नव्हता. आबासाहेब त्यांना शिकवायला लागले, “ह्यो फेट्याचा शेव दातात धरा सर. आता पीळ द्या. तिकडं नगा बघू, पीळ सुटंल.” सरांची पाठ मैदानाकडं, डोळे पिळावर, शेव दातात. तेवढ्यात मागं शिट्टी वाजली, उमापूरवाल्यांनी मधोमध बॉल ठेवला आणि चालत जाऊन मोकळ्या गोलात घातला. आम्ही बोंब मारली. मास्तर म्हणाला, “नियमाच्या पुस्तकात फेट्याला टाइम दिल्याला न्हाई.” आता आम्ही चिडणार, तोच आबासाहेब उठून उभे राहिले. न्यायाचा माणूस. “पाव्हण्यांचा गोल म्हंजी आधी मान त्यांचा! उमापूरच्या वाघानं यावं!” वाघ आला, आणि त्याच्या मागं अख्खं उमापूर, केसांना थुंकी लावत. त्यांचा मास्तर शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला. आम्ही त्यांच्या मोकळ्या गोलात बॉल घातला.

तिथून पुढं ते थांबेनाच. जो गोल मारी तो सत्काराला जाई, जो सत्काराला जाई तो गोल खाई. फेटे संपायला आले, नारळ दोनच राहिले, तेव्हा आधी दिलेले नारळ परत मागून घेऊन पुढच्याला देऊ लागले. मध्यंतरात मुरमुरे खाताना अन्सारी साहेब कपाळाला हात लावून बसलेले. “फोटो को मत जाओ रे, हाथ जोडता हूं,” ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी मान हलवली आणि पुढच्या गोलाला सगळे गेलो. असले लोक आम्ही. पण मी मात्र आता खेळता खेळता मंडपाकडं बघायला लागलो होतो, कारण देसले सरांनी मॅच म्हणून काही बघितलंच नव्हतं. गोल झाला की त्यांच्या दातात शेव, आणि खेळ चालू असला की तात्या त्यांच्या कानाशी पुढच्या सत्काराची नावं विचारतोय. मी आडवलेले बॉल एकट्या मारोतीनं बघितले असतील, तेही शड्डू ठोकताना.

उमापूरचा गोल झाला, पाच-पाच झाले, शेवटचा फेटा गेला. उमापूर मंडपात. आमच्या पोरांनी मधोमध बॉल ठेवला, दमून मागं माझ्याकडं ढकलला आणि सवयीनं मी तो हाणला. एका बाजूनं जड असलेला तो बॉल आपल्या स्वभावाप्रमाणं डावीकडं वळला, टप्पे खात खात गेला आणि मोकळ्या गोलात शिरला. माझ्या आयुष्यातला पहिला गोल. पुढं खेळाडू म्हणून तीनच मारले, तेव्हा त्याची किंमत समजून घ्या.

मंडपात फेटाच नव्हता. मग आबासाहेबांनी दोन्ही हात वर केले आणि स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवला. तात्यानं पुकारलं, “सिद्धार्थ रंगनाथ पाटकऱ्यानं मंडपात यावं! खुद्द आबासाहेबांच्या डोक्यावरला फेटा!” आता हे नीट सांगतो. आमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसाच्या डोक्यावर गावच्या मंडपात फेटा बसल्याचं कुणाला आठवत नव्हतं. माझ्या आज्यानं असल्याच मंडपांपुढं उभा जन्म हलगी वाजवली. धम्म घेतला तेव्हा वस्तीनं हलगी खाली ठेवली. पण मान काही तिकडून इकडं चालत आला नव्हता. माय ट्रॉलीत उभी राहिली होती. तोंडाला पदर लावून. ती बोलत नव्हती, ह्यावरूनच ओळखा.

मी निघालो. निम्म्या वाटेत गेलो. आमची धाही पोरं केव्हाच पुढं पळाली होती, असला फोटो परत निघणार नव्हता. अन्सारी साहेब कडेनं ओरडत होते. मंडपात देसले सर फेट्याचा शेव शोधत होते, पाठ मैदानाकडं. आणि माझ्या ध्यानात आलं की मी गेलो तर सरांना माझं डोकं दिसेल, पाय दिसणार नाहीत. मागं बघितलं तर उमापूरचे अकराच्या अकरा पळत येऊन बॉल मधोमध ठेवत होते, दोन मिनिटं राहिलेली. मायकडं बघायचं धाडस झालं नाही. मी वळलो आणि आपल्या गोलाकडं पळत सुटलो. माझ्या मागं माइकमधून तात्याचं “आरं! आरं आरं आरं!” एवढंच ऐकू आलं.

एकाच्या अंगावर अकरा जण. पण त्यांचं एक झालं की गोल कुणी मारायचा ह्यावर त्यांच्यातच जुंपली. “मी मारतो, सरक बे!” “तुजा सत्कार झालाय की बे मघाशी, आता मी!” एकमेकांच्या पायातून बॉल काढायला लागले. पहिला आला तो नडगीवर घेतला. दुसरा पोटात बसला, सकाळचं धपाटं वर आलं. हात लावता येत नव्हता, मी काही गोलकीपर नव्हतो. तिसरा मारला त्यांच्यातल्या सगळ्यात दांडग्यानं, हाताच्या अंतरावरून, आणि बॉलची शिवण होती नेमकी माझ्याकडं. तो मी नाकावर घेतला. डोळ्यांपुढं सगळी पाली पिवळी झाली, मी बसलो, तर बॉल माझ्या मांडीखाली. तो ओढून काढायला अकरा जण माझ्यावर पडले, आणि मास्तरानं वैतागून शेवटची शिट्टी मारली.

इकडं मंडपात काय झालं ते मला मायनं सांगितलं, आणि माय सांगते म्हणजे त्यात तिखट-मीठ धरूनच चालायचं. पण ह्या बाबतीत गावानंही तेच सांगितलं. मी वळून पळालो तसे आबासाहेब बोडक्या डोक्यानं लालबुंद झाले. “मानाचा फेटा टाकून पोरगं पळतं? कुनाचं हाय ते?” तेव्हा दादांनी सायकल स्टँडवर लावली आणि मंडपात चढले. आयुष्यात पहिल्यांदा. “माजं हाय,” ते म्हणाले. “पोरगं कामावर हाय आबासाहेब. आत्ताच त्याला सुट्टी न्हाई. त्याचा मान माज्या डोक्याला बांधा.” आणि डोकं पुढं केलं. आबासाहेबांनी थोडा वेळ त्यांच्याकडं बघितलं. ह्याच माणसाकडं त्यांनी कितीदा तरी पाण्याची आधीची पाळी मागितली होती आणि नुसता चहा मिळाला होता. मग ते मोठ्यानं हसले, सरांच्या हातातून फेटा घेतला आणि स्वतः बांधायला लागले. सरांचे हात त्या दिवसात पहिल्यांदा मोकळे झाले. करायला काही नाही म्हणून ते मैदानाकडं वळले.

तो फोटो माझ्याकडं आहे. बोडके आबासाहेब, खाकीवर फेटा बांधून घेताना डोळे मिटलेले दादा, भोवती आमची धाही पोरं छाती काढून, मारोती मधोमध. सगळे कॅमेऱ्याकडं तोंड करून, एकटे देसले सर पाठमोरे. माझी सून विचारते, बाबा, ह्यात तुम्ही कुठं? मी म्हणतो, सर बघतायत तिकडं.

सर रुमाल ओला करून घेऊन आले. माझं नाक तोवर वांग्याएवढं झालं होतं. “पळून का नाही गेलास?” त्यांनी विचारलं. “कुटं जानार सर,” मी नाकातून म्हणालो, “समदे फोटोला गेलते.” सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. तेवढ्यात माय आली आणि तिनं आधी माझ्या पाठीत एक धपका घातला, “फेटा टाकून पळतो, मेल्या!” आणि मग माझं डोकं पोटाशी धरून रडायला लागली, नाक दुखतंय म्हणून मीही रडलो. दादा मागून येत होते, डोक्यावर फेटा, हातात नारळ. चालताना मान जरासुद्धा हलवत नव्हते. मला वाटलं, आता हे बोलतील आणि ते मला सोसणार नाही.

“सोमवारी ह्याला माझ्याकडं पाठवाल का?” सरांनी दादांना विचारलं.

दादांनी नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. “सोमवारचं नाव त्याचं पाटावर लावलंय, सर.”

“ते काढावं लागेल.”

दादांनी नारळ मायच्या हातात दिला. मग त्यांनी विचारलं, “तिकडं तुमच्याकडं गोल झाल्यावर काय करतेत?”

“काही नाही,” सर म्हणाले. “आपल्या जागेवर परत जातात.”

“मग न्या,” दादा म्हणाले. “तेवढं त्याला येतंय.”